तारीख पुढे करा

"तारीख बदलता येणार नाही, असं करून टाका. एवढंच. जुन्या नोंदींना हात लावायचा नाही," काळे साहेब म्हणाले.

केबिनमध्ये आम्ही तिघं होतो. काळे साहेब, म्हणजे दवाखान्याचे व्यवस्थापक. वैशालीताई, म्हणजे औषधांच्या खिडकीवर कॉम्प्युटर चालवणारी. आणि मी, त्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर लिहिणारा. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तरी वैशालीताई उभीच होती.

"किती वेळ लागेल?" साहेबांनी विचारलं.

"तुम्ही म्हणता तेवढ्याला अर्धा तास."

"मग करा ना बापा! सोमवारी मुंबईची मंडळी येऊन राह्यली."

मुंबईची मंडळी म्हणजे औषधांसाठी निधी देणारी संस्था. दवाखाना एका ट्रस्टचा आहे, वाशीम जिल्ह्यातलाच. नाव सांगत नाही, कारण ही चूक ट्रस्टची कमी आणि माझी जास्त आहे. तिथे मिरगीच्या पेशंटला गोळ्या फुकट मिळतात. बरेचसे पेशंट मानोऱ्याकडच्या तांड्यांवरचे.

तांड्यावरच्या चंद्रकलाबाईला आठ-दहा दिवसांपूर्वी भाकरी टाकताना फिट आली आणि डावा हात चुलीत गेला. तिची गोळी श्रावणात कमी केली होती. ती का कमी झाली, हे शोधता शोधता सगळे वैशालीताईच्या कॉम्प्युटरच्या घड्याळापाशी येऊन थांबले होते.

"बोल ना वैशाली, तारीख तूच बदलत होतीस ना?" साहेब म्हणाले.

वैशालीताईने माझ्याकडे पाहिलं. 

मी बोलणारा माणूस नाही. अनसिंगला शाळेत होतो तेव्हापासून नाही. या धंद्यात त्याचा फायदाच होतो, मशीनशी बोलावं लागत नाही. पण त्या दिवशी गप्प राहिलो असतो, तर त्या बाईची नोकरी गेली असती आणि मला अर्ध्या तासाचं बिल मिळालं असतं.

"तारीख बदलायला तिला मी सांगितलं होतं," मी म्हणालो.

आता नीट पहिल्यापासून सांगतो.

सॉफ्टवेअर लिहिलं तेव्हा ट्रस्टची अट होती की एका भेटीत एकाच महिन्याच्या गोळ्या द्यायच्या. पेशंट दर महिन्याला आला पाहिजे, डॉक्टरच्या नजरेखालून गेला पाहिजे. अट चांगली होती. मी ती जशीच्या तशी लिहून टाकली. दुसरा एक प्रश्न सक्तीचा ठेवला: 'या महिन्यात फिट आली का?' हो किंवा नाही, काहीतरी दाबल्याशिवाय औषधाचं बटण उघडत नाही. आणि तिथे इंटरनेट सारखं जायचं, म्हणून नोंदीची तारीख सर्व्हरवरून न घेता खिडकीवरच्या कॉम्प्युटरच्या घड्याळावरून घेतली. सर्व्हर म्हणजे जिथे सगळी माहिती साठते तो मोठा कॉम्प्युटर. त्याचं घड्याळ कोणाला हलवता येत नाही. खिडकीवरचं कोणालाही हलवता येतं.

मला एक गोष्ट विचारायची सुचली नाही. दिवाळी झाली की तांड्यावर ट्रक येतात. घरंच्या घरं कोयत्यावर जातात, म्हणजे ऊसतोडीला. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. परत येतात ते ऊन तापायला लागल्यावर. ही काही गुप्त गोष्ट नाही. वाशीमच्या स्टँडवर उभा राहणाऱ्या कोणालाही माहीत आहे, मलाही होती. पण स्क्रीन लिहिताना डोळ्यांपुढे पेशंट नव्हता, ट्रस्टचा नियम होता.

पहिल्याच दिवाळीला वैशालीताईचा फोन आला. मी रिसोडला एका आडत दुकानात प्रिंटर जोडत होतो.

"भाऊ, तांड्यावरची मानसं आली हायेत. सा महिन्याच्या गोया पायजेत म्हनतात. मशीन एकाच महिन्याच्या देऊन राह्यली. बाहेर ट्रक उभा हाये."

"मग असं करा ताई. कॉम्प्युटरची तारीख एक महिना पुढे करा, नोंद करा. परत पुढे करा, परत नोंद. सहा झाल्या की तारीख आजची करून टाका."

"असं चालते काय?"

"तात्पुरतं चालते. पुढच्या वर्षापर्यंत मी नीट स्क्रीन करून देतो."

याला आमच्याकडे वर्कअराउंड म्हणतात. नाल्यावर पूल नाही, तर लाकूड टाकून पलीकडे जायचं. त्या दिवशी लाकूड टाकलं त्याची मला आजही लाज वाटत नाही. ट्रक उभा होता, माणसांना गोळ्या मिळाल्या. लाज आहे ती पुढच्याची. पुढच्या दिवाळीला वैशालीताईचा फोन आलाच नाही. ती शिकली होती. आणि फोन आला नाही म्हणजे सगळं नीट चालू आहे, असं आमच्या धंद्यात धरतात. मीही धरलं.

एवढंच असतं तर विसरलो म्हणून सुटलो असतो. पण आणखी एक गोष्ट आहे, ती मी कोणालाच सांगितली नव्हती. घरीसुद्धा नाही.

नंतर साहेबांना डॅशबोर्ड हवा झाला. एका नजरेत सगळे आकडे आणि आलेख दिसतात, ती स्क्रीन. ती बनवताना मला दिसलं की थंडी नुकती पडते आहे आणि पेशंटच्या भेटी होळीपर्यंत झालेल्या आहेत. न आलेल्या महिन्यांत माणसं येऊन गेली होती, आणि सगळ्यांची तब्येत उत्तम! मला क्षणात कळलं हे काय आहे. तेव्हा मी काय केलं? एक ओळ लिहिली. भेटीची तारीख आजच्या पुढची असेल, तर ती दाखवू नको. आलेख सुंदर दिसायला लागला. महिना उजाडला की त्या महिन्यातल्या खोट्या भेटी आपोआप खऱ्यांच्या रांगेत येऊन बसायच्या. साहेबांनी मला चहा पाजला.

पुढे तिथल्या आधीच्या डॉक्टरांनी एक सोय मागितली. सलग दोन वर्षं फिट आली नाही, तर मिरगीच्या गोळ्या हळूहळू कमी करायचा विचार करतात. अशा पेशंटच्या नावापुढे हिरवी पट्टी दाखवा, म्हणाले. मी दुपारच्या जेवणाआधी करून दिली. ती पट्टी माझ्याच खोट्या भेटी मोजणार, हे मला कळायला हवं होतं. कळलं नाही असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे मी तिकडे पाहिलंच नाही.

चंद्रकलाबाईच्या नावापुढे हिरवी पट्टी आली.

डॉ. मृणाल नवीन आलेली. माझ्या पुतणीच्या वयाची असेल. केबिनमधून निघालो तो तिच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. डॅशबोर्डची ती ओळसुद्धा. 

ती म्हणाली, "मी चंद्रकलाला विचारलं होतं. ती म्हणाली, फडात फिट आलती. मी स्क्रीन पाहिली. दर महिन्याला भेट, दर महिन्याला 'नाही'. मला वाटलं, बाई जुनं काहीतरी सांगते आहे. तिने सांगितलं आणि मी तुमच्या स्क्रीनला विचारलं."

"चूक माझी आहे."

"तुमची आहेच. माझीही आहे. ते नंतर बघू. असे अजून किती आहेत? मी पट्टी पाहून बऱ्याच जणांचा डोस कमी करायला घेतलाय. दिवाळीनंतर हे लोक सहा महिन्यांच्या गोळ्या घेऊन निघून जातील. चुकीच्या डोसच्या. तिकडे फडात कोयता हातात असताना फिट आली तर?"

म्हणजे वेळ दिवाळीपर्यंतचा होता. साहेबांचं घड्याळ सोमवारपर्यंतचं, आणि माझं ट्रक येईपर्यंतचं.

खोटी भेट ओळखायची कशी? हे त्यातल्या त्यात सोपं होतं. सॉफ्टवेअर प्रत्येक नोंदीला आपोआप एक क्रमांक देतं. घड्याळ मागेपुढे करता येतं, हा क्रमांक करता येत नाही. चंद्रकलाबाईच्या भेटींच्या तारखा महिन्या-महिन्याच्या अंतराने होत्या आणि क्रमांक एकाला एक लागून. एका बैठकीत सहा महिने. जिथे जिथे असं दिसेल, तिथे पहिली भेट खरी आणि बाकीच्या खोट्या.

शोधणं सोपं, पण पुढचं काम मोठं होतं. खोट्या भेटी पुसायच्या नव्हत्या, कारण गोळ्या खरंच दिल्या होत्या, साठ्यातून गेल्या होत्या. भेट वेगळी आणि औषध वेगळं, असं पहिल्यांदाच तोडायचं होतं. 'बाहेरगावी' अशी एक अवस्था. 'लांबचा पुरवठा' अशी एक स्क्रीन, डॉक्टरच्या परवानगीने एकदम सहा महिने. आणि फिटच्या प्रश्नाला तिसरं उत्तर: 'माहीत नाही'. इतकी वर्षं ते उत्तर नव्हतं म्हणून वैशालीताई 'नाही' दाबत होती. 'हो' दाबलं की लांबलचक फॉर्म उघडायचा आणि बाहेर ट्रक हॉर्न वाजवायचा. तिने खोटं लिहिलं नव्हतं. मी तिला खरं लिहायला जागाच ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. ते भडकले.

"म्हणजे भेटींचा आलेख पडेल?"

"हिवाळ्याचे महिने जवळजवळ रिकामे होतील."

"आणि सोमवारी मी त्यांना काय दाखवू? रिकामे महिने?"

"जे झालं ते."

"वानखडे, तुम्ही कॉम्प्युटरवाले, तुमचं काय जाते? निधी आटला तर गोळ्या कुठून आणू? तुमच्या 'बाहेरगावी'ने फिट थांबते का?"

याला उत्तर देणं मला सोपं गेलं नाही. माणूस वाईट नाही. त्या गोळ्या आणण्यासाठी त्यांनी लोकांच्या दारात उभं राहून बोलणी खाल्ली आहेत, मला माहीत आहे. पण मी इतकी वर्षं सोप्या उत्तरांवरच जगलो होतो.

"साहेब, चुकीच्या डोसच्या गोळ्या फुकट वाटून काय करायचं?"

"मंडळी येऊन जाऊ द्या. मग मंगळवारी करा सगळं. मी कुठे नाही म्हणतो?"

"मंगळवारी तुम्ही दिवाळीनंतर म्हणाल. दिवाळीनंतर तांडा रिकामा होईल. हेच वाक्य मी वैशालीताईला फोनवर म्हणालो होतो, नीट स्क्रीन पुढच्या वर्षी. मला त्याची चव माहीत आहे."

"तुमचा करार मार्चला संपतो, लक्षात आहे ना?"

"आहे. मार्चपर्यंत तरी स्क्रीनवर जे झालं तेच दिसेल."

मी उठलो.  शौर्य वगैरे काही नव्हतं. आयुष्यात कोणाला 'नाही' म्हणायची सवयही नव्हती.

डॉ. मृणालने पेशंटना परत बोलावायला सुरुवात केली. ज्यांना येणं जमेना, त्यांच्याकडे ती स्वतः निघाली. शनिवारी तिच्या गाडीत मीही बसलो. वैशालीताई होतीच.

चंद्रकलाबाई दारात बसली होती, हाताला पांढरी पट्टी. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस आणि ही घरी. नवरा, प्रल्हाद, खाटेचा सुंभ ओढत होता.

"हे कोन व ताई?" तिने वैशालीताईला विचारलं.

"कॉम्प्युटरवाले भाऊ हायेत."

"त्या डब्ब्याचे?"

"त्याच डब्ब्याचे," मी म्हणालो. आणि जे केबिनमध्ये सांगितलं तेच तिला सांगितलं, तांत्रिक शब्द काढून. तुमच्या नावाने न झालेल्या भेटी पडल्या. युक्ती माझी होती. नंतर मला दिसलं, तरी मी झाकलं. म्हणून मॅडमनी गोळी कमी केली.

ती नीट ऐकत होती.

"म्हंजे मी तिकडे फडात होती, अन् इकडे दवाखान्यातही येत होती?"

"हो."

"अन् तब्येत कशी होती माही इकडे?"

"चांगली होती. एकही फिट नाही."

"मंग यंदा तिलेच पाठवा कोयत्यावर. मी राह्यते घरी."

वैशालीताईला हसू आवरेना, मग तिचे डोळे भरून आले. प्रल्हाद हसला नाही. त्याने सुंभ खाली ठेवला.

"साहेब, हे मॅडमले सांगून राह्यली होती का फिट आलती. म्या बी सांगतलं. कायले नाई आयकलं तुमी लोकायनं?"

डॉ. मृणाल त्याच्यासमोर खाली बसली. "चुकलं दादा. मी ऐकायला पाहिजे होतं."

"चुकलं म्हनून हात परत येते काय?"

  चंद्रकलाबाईनेच विचारलं, "आता गोया बराबर देसान ना? जुन्यावाल्या? सा महिन्याच्या?"

"देऊ," डॉक्टर म्हणाली, "आणि फडात फिट आली तर मला फोन करायचा. हा माझा नंबर. मीही विचारीन दर महिन्याला."

मी मात्र माफी मागितली नाही. ती मागून मला हलकं वाटलं असतं, आणि हलकं वाटण्याची पाळी माझी नव्हती. येताना गाडीत वैशालीताई हळूच म्हणाली, "भाऊ, सगळ्या नोंदीवर माह्यं नाव हाये. लॉगिन माह्यं. उद्या कोनी काढलं त मीच सापडीन."

रविवारी घरी बसून मी खोट्या भेटींवर खूण केली. प्रत्येक नोंदीत कारणाचा रकाना असतो. त्यात लिहिलं: 'ही भेट झालेली नाही. सहा महिन्यांचं औषध देता यावं म्हणून तारीख बदलून केलेली नोंद. बदलायला सांगणारा: वानखडे, प्रोग्रामर.' एक आज्ञा दिली आणि ते वाक्य सगळ्या खोट्या भेटींवर उमटलं. माझं नाव इतक्या वेळा एका जागी मी कधी पाहिलं नव्हतं. मग ती डॅशबोर्डची ओळ पुसली. पुसायला दोन सेकंद लागले.

सोमवारी सकाळी साहेबांनी स्क्रीन उघडली.

"तुमचं नाव कायले टाकलं?"

"कोणाचं टाकू?"

"हे काढा. जुनी स्क्रीन परत लावा, फक्त आजच्या दिवस."

"जुनी स्क्रीन आता नाही."

"बॅकअप असते ना तुमच्याकडे?"

"असते. लावणार नाही."

 तेवढ्यात बाहेर गाडीचा आवाज आला.

मंडळींनी विचारलंच, हिवाळ्यात भेटी एवढ्या कमी कशा?  मी तोंड उघडणार, तेवढ्यात डॉ. मृणाल बोलली. कोयता, ट्रक, तारीख, चूल, सगळं. त्यांच्यातल्या एका बाईने चष्मा काढून विचारलं, "मग आतापर्यंत आम्हाला पाठवलेले अहवाल?"

"भेटींचे आकडे चुकीचे होते, औषधांचे बरोबर होते," मी म्हणालो. "चुकीचे कोणते, ते आता नावासकट दिसतात."

त्यांनी लेखी खुलासा मागितला. मी दिला, सही करून. निधी थांबला नाही. पुढचा हप्ता मात्र उशिरा आला, आणि त्या दिवशी चहा कोणी कोणाला पाजला नाही. ट्रक आले तेव्हा वैशालीताईने लांबच्या पुरवठ्याची स्क्रीन उघडून एका वेळी सहा महिन्यांच्या गोळ्या दिल्या. घड्याळाला हात लावला नाही.

मार्चला करार संपला. तो पुन्हा झाला नाही. आता ते काम अकोल्याचा एक जण बघतो. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण माझी चूक झाकलेली राहून काम टिकण्यापेक्षा, ती सगळ्यांना दिसून काम गेलेलं बरं.

ऊन तापल्यावर वैशालीताईचा फोन आला. "भाऊ, चंद्रकला आली होती आज. फडात एकदा फिट आली म्हने, मॅडमले तवाच फोन केला होता तिनं. मी 'हो' दाबलं. लांबलचक फॉर्म भरला सगळा. साहेब म्हनत होते, आलेखात लाल दिसते."

"दिसू द्या," मी म्हणालो.

परवा अकोल्याच्या माणसाचाही फोन आला. चांगला आहे, कामसू आहे. म्हणाला, "सर, वैशाली मॅडम काही पेशंटच्या वयाच्या रकान्यात सारखं नव्व्याण्णव टाकून राह्यल्या. मी तो आकडाच ब्लॉक करून टाकतो. दहा मिनिटांचं काम आहे."

मी त्याला सांगितलं ते इथेही सांगतो. या धंद्यातून मी एवढंच शिकलो, आणि ते स्वस्तात शिकलो नाही. चालवणारा माणूस सॉफ्टवेअरला फसवत असेल, तर सॉफ्टवेअरने आधी त्याला काहीतरी खरं लिहू दिलेलं नसतं.

"ब्लॉक नका करू," मी म्हणालो. "खिडकीवर जा, आणि ताईला विचारा, नव्व्याण्णव कायले टाकता."

"त्यात अख्खा दिवस जाईल सर."

"जाऊ द्या. दहा मिनिटांत केलेलं मी पाहून आलोय. चंद्रकलाबाईच्या डाव्या हाताची बोटं अजून मिटत नाहीत."